आईवडिलांचे घर रिकामे करायचे आहे : सामान उक्ते द्यावे की टक्केवारीवर विकायला द्यावे?

ऐरोलीकर (प्रश्न)

नौपाड्यातील आमच्या आईवडिलांची इमारत पुनर्विकासाला गेली असून घर रिकामे करून किल्ली देण्यासाठी आता पाच आठवडे उरले आहेत. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आई माझ्याकडे ऐरोलीला येणार आहे, पण तिचा ४४ वर्षांचा संसार माझ्या वन बीएचकेमध्ये मावणार नाही, हे तिलाही पटले आहे. धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. तिकडे अशा वेळी 'इस्टेट सेल' करतात, तसेच आपणही एखाद्या कंपनीला सांगून मोकळे व्हावे, असे त्याचे म्हणणे आहे. (हा शब्द फोनवर ऐकून आईने दोन दिवस जेवणावर लक्ष दिले नाही, कारण इस्टेट विकायची म्हणजे नव्या इमारतीतला फ्लॅटही विकायचा, असा तिचा समज झाला होता.)

घोडबंदर रोडवरच्या अशा एका सेवेचा माणूस येऊन वीस मिनिटांत मोबाईलवर सगळ्या खोल्यांचे चित्रण करून गेला. त्यांनी दोन पर्याय दिले आहेत. पहिला, सगळे सामान उक्ते ७०,००० रुपयांना घेऊन दोन दिवसांत घर झाडून देणे. दुसरा, फोटो काढून तीन आठवड्यांत वस्तू सुट्या विकणे आणि विक्रीच्या ३५ टक्के रक्कम स्वतःकडे ठेवणे. दुसऱ्या पर्यायात न विकलेले सामान उचलण्याचा खर्च आमच्याकडून घेतला जाईल.

घरात एक शिसवी पलंग, सागवानी फडताळ, गोदरेजची दोन कपाटे, पायाचे शिलाई मशीन, फ्रिज, सोफा-कम-बेड, प्लायवूडचे वॉल युनिट आणि माळ्यावर आजीच्या वेळची तांब्यापितळेची भांडी आहेत. शिवाय पुस्तके, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि आजोबांकडून आलेली एक हस्तलिखित सचित्र पोथी आहे, जी भावाला सोबत न्यायची आहे. घर तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. यातून गेलेल्या कोणी मार्गदर्शन करावे.

घंटाळीकर

ताई, मी तीन वर्षांपूर्वी उक्ता पर्याय घेतला होता आणि त्याची हळहळ अजून गेलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्याकडे आलेल्या सेवेने (नाव घेत नाही, आणि आपल्याकडे आलेली हीच असेल असे मुळीच म्हणत नाही) चार पानांची यादी करून दिली होती. टीव्ही, कपाट, पंखे या प्रत्येकासाठी स्वतंत्र ओळ होती. माळ्याच्या बाबतीत मात्र 'स्वयंपाकघर किरकोळ, १ लॉट, ६,००० रुपये' एवढीच नोंद होती. मी ती वाचली आणि सही केली. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी टेम्पो भरताना त्यांनीच बोलावलेला भंगारवाला काट्याला गोणी लावून वजन करत होता. बंब, दोन घंगाळे, पराती आणि पातेली मिळून ४१ किलो भरली, आणि त्याने माझ्यासमोरच किलोला ४०० रुपयांप्रमाणे हिशेब केला. म्हणजे एका गोणीचे १६,४०० रुपये झाले, आणि मला मिळाले होते सहा हजार. मी बोलायला गेलो, तर त्या मुलाने अदबीने माझी सही दाखवली. चूक माझीच होती.

म्हणून सांगतो, माळा आधी स्वतः उतरवा. धातू वेगळा करून घरातच तोला; स्प्रिंगचा काटा दोनअडीचशे रुपयांत मिळतो. त्यानंतर दोन वेगवेगळ्या भांड्यांच्या दुकानांत मोडीचा भाव विचारा, कारण मोड घेणारा दुकानदार बहुधा दारावरच्या भंगारवाल्यापेक्षा बरा भाव देतो. तांबे आणि पितळ एकत्र तोलू देऊ नका. तांब्याचा भाव चढा असतो. कल्हईच्या भांड्यांची आणि लोखंडी कडीच्या बंबाची घट किती धरणार, तेही आधी ठरवून घ्या, कारण खरी कापाकापी तिथेच होते.

एक गोष्ट व्यवहाराबाहेरची. भांड्यांच्या काठावर ठिपक्यांनी कोरलेली नावे असतात. आमच्या एका तांब्यावर 'चि. सौ. कां. हिस लग्नाप्रीत्यर्थ' एवढे वाचता येत होते आणि पुढचे नाव घासून घासून गेले होते. कोणाचा तांब्या होता हे सांगणारे घरात कोणी उरले नाही, तरीही तो मोडीत गेला नाही. आपल्या आईंना जमिनीवर बसवून एकेक भांडे त्यांच्या हातात द्या. एक दुपार जाईल, परंतु नंतर 'माझी परात कुठे गेली' हा प्रश्न तुम्हाला ऐकावा लागणार नाही.

खारघरहून

मी १९ वर्षे अमेरिकेत राहून परत आले आहे आणि तिथे शेजारच्या घरांतील असे तीनचार सेल पाहिले आहेत, म्हणून आपल्या भावाच्या कल्पनेविषयी लिहिते. तिथे 'इस्टेट' या शब्दात मृत व्यक्तीने मागे ठेवलेले सगळेच येते, अगदी चमच्यांसकट, त्यामुळे आईंची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. सेल करणारी कंपनी आधी प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावते आणि मग शुक्रवार ते रविवार घराचे दार उघडे ठेवते. पहिल्या सकाळी जुन्या वस्तूंचे व्यापारी उजाडायच्या आत येऊन नंबर घेतात आणि शेवटच्या दिवशी बहुतेक वस्तू निम्म्या किमतीत जातात. कंपनी एकूण विक्रीच्या साधारण ३० ते ५० टक्के घेते, आणि घरातील माल फारच थोडा असेल तर ती कामच स्वीकारत नाही.

हे तिथे चालते, कारण घर स्वतंत्र असते, दारासमोर गाडी लावता येते आणि घेणारा माणूस खुर्ची स्वतः उचलून गाडीत टाकतो. नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना, अनोळखी साठसत्तर माणसे जिन्यावरून चढउतार करू लागली तर सोसायटीचे सचिव दुसऱ्याच तासाला दारात उभे राहतील. त्यामुळे आपल्याकडे या नावाखाली जे मिळते, ते बहुधा फोटो टाकून केलेली ऑनलाईन विक्री अधिक टेम्पो, एवढेच असते. ते वाईट आहे असे नाही, पण ३५ टक्के नेमके कशाचे, हे विचारा. हमालीचा खर्च त्यांच्या वाट्यातून जाणार की एकूण रकमेतून आधी वजा होणार, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. प्रत्येक वस्तूची किमान किंमत लेखी घ्या आणि तिच्याखाली जायचे असेल तर आधी फोन करावा, अशी अट घाला.

स्वतः ऑनलाईन विकणार असाल, तर 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणाऱ्याचा फोन तिथेच बंद करा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवावी.

जुने लाकूड

माझे आयुष्य जुन्या फर्निचरच्या धंद्यात गेले आहे, त्यामुळे आता घेणाऱ्याच्या बाजूचे ऐका. आपल्या यादीत आम्हाला खरा रस तीनच गोष्टींत असतो : शिसवी पलंग, सागवानी फडताळ आणि गोदरेजची कपाटे. शिलाई मशीनचे बिडाचे पाय कॅफेच्या टेबलांसाठी जातात, म्हणून तेही खपते. सोफा-कम-बेड आणि प्लायवूडचे युनिट यांची किंमत शून्य धरा, कारण प्लायवूड एकदा उसवले की पुन्हा उभे राहत नाही आणि उतरवण्याची मजुरीच अंगावर येते. गाद्यांचे तर उलट द्यावे लागतात.

फडताळ खरोखर सागवानी आहे का, हे पाहण्यासाठी दर्शनी भाग पाहू नका. खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या बाजूच्या फळीची कड पाहा. लाकडाच्या रेषा वरच्या पृष्ठभागावरून कडेवर सरळ उतरत असतील तर ते भरीव लाकूड आहे. कडेला थर दिसले तर वर नुसता सागाचा पापुद्रा आहे. शिसवी पलंगाच्या बाबतीत खुरांच्या तळाशी नखाने थोडे खरवडा; आत काळसर जांभळट रंग निघाला तर चिंता नको, पिवळट निघाला तर तो पॉलिशचा रंग आहे. पाहणारा व्यापारी ही दोन्ही कामे तुमच्यासमोर न बोलता करतो आणि मग 'वाळवी दिसते आहे' असे म्हणतो. ते वाक्य मनावर घेऊ नका. जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारातील एकदोन व्यापाऱ्यांना फोटो पाठवा. शिसवी माल असेल तर ते ठाण्यापर्यंत येतात.

पोथीबद्दल मात्र भावाला थांबवा. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यात वस्तूंसाठी शंभर वर्षांची मर्यादा असली, तरी ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ती ७५ वर्षांचीच आहे, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. सचित्र हस्तलिखिताची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते का, याचीही चौकशी करावी.

वाशी सेक्टर १७

थोडे कागदोपत्री. रोजच्या वापरातील घरसामान विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, परंतु दागिने, चित्रे आणि शिल्पे यांना ही सवलत नाही. वस्तू वडिलांच्या होत्या, तेव्हा भावाची संमती ईमेलवर तरी घेऊन ठेवा. सख्ख्या भावंडांतही पुढे परातीवरून बोलणे होते. गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर शेगडीसोबत कोणाला देऊ नका, ते एजन्सीत परत केल्यावर अनामत मिळते. आणि कोणालाही घरात घेण्यापूर्वी प्रत्येक डबा, पुस्तक आणि उशीचा अभ्रा उघडून पाहा. माझ्या सासूबाईंच्या साबुदाण्याच्या डब्यात मुदत ठेवीची पावती निघाली होती.

ऐरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. घंटाळीकर काकांचे वाचून काल माळा उतरवला. धातू २९ किलो भरला, त्यातील सात किलो तांबे आहे. आईने एक घंगाळ, लहान परात आणि समई बाजूला काढली. बाकीचे द्यायला ती तयार आहे. फडताळाच्या खणाच्या कडेला थर दिसले, म्हणजे इतकी वर्षे आम्ही ज्याला सागवानी म्हणत होतो तो पापुद्राच निघाला. पलंगाचा खूर मात्र आतून काळाच आहे, आणि ओशिवऱ्याचा एक व्यापारी गुरुवारी तो पाहायला येतो आहे.

त्यामुळे पलंग, कपाटे, मशीन आणि धातू आम्ही स्वतः विकणार आहोत आणि उरलेले त्या सेवेला उक्ते देणार आहोत. त्यांनी उरलेल्या सामानाचे १२,००० सांगितले, मी १५,००० मागितले आहेत. पोथी इथेच राहील. भावाला तिच्या पानांचे फोटो पाठवले आहेत. पुस्तकांचे अजून ठरलेले नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून पाहीन, पण १८९३ पासूनच्या त्या संस्थेकडे आमच्याजवळची बहुतेक पुस्तके आधीच असतील. दिवाळी अंकांचे १९८० नंतरचे सलग गठ्ठे कोणाला हवे असल्यास इथे कळवावे, पैसे नकोत. फक्त तिसऱ्या मजल्यावरून स्वतः उतरवून न्यावे लागतील.