८.५ मायक्रॉनवरचा उंचवटा खरा आहे का?

निळीकाच:
नमस्कार. मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मध्य-अवरक्त सुपरकंटिन्युअम, म्हणजे लेझरचा प्रकाश फायबरमध्ये पसरून तयार होणारा तरंगलांबींचा रुंद पट्टा. २ मायक्रॉनच्या थुलियम लेझरचे पिकोसेकंद पल्स १० मीटर झेडब्लॅन (फ्लोराइड काचेच्या) फायबरमधून जातात आणि ४.४ मायक्रॉनपर्यंत पसरतात. तोच प्रकाश पुढे आर्सेनिक सेलेनाइडच्या २ मीटर फायबरमध्ये सोडते, कोअर (मधला गाभा) १२ मायक्रॉन. काल मोनोक्रोमेटर (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणारं उपकरण) पहिल्यांदाच १० मायक्रॉनपर्यंत फिरवला. ५ च्या पुढे काहीच नाही, आणि मग ७.८ ते ८.८ मध्ये चांगला ठसठशीत उंचवटा! त्यात ८.५ च्या जरा पुढे खोल खाच आहे. हवेतला कुठला वायू इथे शोषतो? की फायबरमधली अशुद्धी? रात्रभर झोप लागली नाही, खरंच सांगते.

तरंगवेडा:
मिथेन ७.७ च्या आसपास शोषतो, पण खोलीच्या हवेत तो इतका थोडा असतो की अशी खाच पडणार नाही. मला खाचेपेक्षा ५ ते ७.८ मधला रिकामा पट्टा जास्त खटकतोय.

भट्टीजवळचा:
ताई, ८.५२ ला दोनने भागा. ४.२६ येतात. ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची खाच आहे.

मोनोक्रोमेटरमधल्या ग्रेटिंगला, म्हणजे बारीक रेघांच्या पट्टीला, तरंगलांबी कळत नाही, तिला फक्त कोन कळतो. एकाच तरंगलांबीचा प्रकाश ती अनेक कोनांत फेकते, त्यांना पहिली, दुसरी ऑर्डर म्हणतात. ज्या कोनात ८.५२ ची पहिली ऑर्डर येते, त्याच कोनात ४.२६ ची दुसरी ऑर्डर येऊन बसते. तुमचा उंचवटा ७.८ ते ८.८, म्हणजे निम्म्यावर ३.९ ते ४.४. झेडब्लॅनमधून येणाऱ्या प्रकाशाचं शेवटचं टोकच तुम्हाला पुन्हा दिसतंय, हवेच्या खाचेसकट.

माझ्या शब्दावर जाऊ नका, तपासा. मोनोक्रोमेटरच्या स्लिटच्या (प्रकाश आत जाण्याच्या फटीच्या) आधी दोन-तीन मिलिमीटर जाडीची सफायरची खिडकी धरा. सफायर ४ मायक्रॉनचा प्रकाश सोडतं आणि ८ चा पूर्ण अडवतं. उंचवटा गेला तर प्रकाश खरा. राहिला तर दुसरी ऑर्डर. असाच एक उंचवटा मी दोन आठवडे जपून ठेवला होता, तेव्हा कोणी सांगायला नव्हतं म्हणून लगेच लिहितोय.

निळीकाच:
आत्ताच करून आले. उंचवटा तसाच राहिला, फक्त थोडा खाली आला. आता ५ मायक्रॉनचा लाँगपास फिल्टर (५ च्या खालचा प्रकाश अडवणारा) मागवते, ५ च्या पुढचं मोजताना तो कायम स्लिटपुढे राहील. वाईट वाटलं, पण हे अहवालात जाण्याआधी कळलं. मग सर, ५ च्या पुढे खरा प्रकाश का येत नाही? या सेलेनाइड काचेची नॉनलिनिअॅरिटी (तीव्र प्रकाशातून नव्या तरंगलांबी तयार करण्याची ताकद) तर सिलिकाच्या शेकडो पट आहे ना?

भट्टीजवळचा:
आहे, पण पल्स उंच राहिला तरच ती कामाची. तरंगलांबीनुसार वेग बदलल्याने पल्स पसरतो, ते डिस्पर्शन. आर्सेनिक सेलेनाइडचं शून्य डिस्पर्शन मूळ काचेत ७ मायक्रॉनच्या आसपास पडतं. तुमचा प्रकाश ४.४ ला संपतो, म्हणजे त्या शून्याच्या बराच खाली, खोल नॉर्मल डिस्पर्शनमध्ये. पल्स सुरुवातीच्या थोड्या अंतरातच पसरून बसका होतो आणि उरलेलं फायबर नुसतं वाहून नेतं. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या गटाने याच घराण्याच्या काचेत १.४ ते १३.३ मायक्रॉन मिळवले, ते ६.३ वर पंप करून, म्हणजे त्या तरंगलांबीचे पल्स आत सोडून. फायबर होतं फक्त ८५ मिलिमीटर! २ मीटरची गरजच नाही.

तुमच्याकडे ६.३ चा पंप नाही, तर शून्य डिस्पर्शन खाली ओढा. कोअर काही मायक्रॉनपर्यंत बारीक केला, टेपर करून (तापवून ओढून) किंवा तसंच फायबर घेऊन, की ते ४ ते ५ च्या दिशेने सरकतं. आणि त्याआधी झेडब्लॅनचं टोक सुधारा. ४ च्या पुढे ही काच दर मीटरला प्रकाश खाते, तेव्हा १० मीटरवरून लांबी थोडी थोडी कमी करत प्रत्येक वेळी ४ च्या पुढची पॉवर मोजा. जमलं तर इंडियम फ्लोराइड वापरा, ते ५ च्या पलीकडे नेतं.

दोन गोष्टी हाताशी ठेवा. सेलेनाइडचा अपवर्तनांक २.८ च्या जवळ आहे, त्यामुळे लेप नसलेल्या टोकावर पाचव्या हिश्श्याहून जास्त प्रकाश परत फिरतो. पॉवरचा हिशेब करताना तो धरा. आणि ४.५७ वर खाच दिसली तर ती मात्र फायबरचीच, काचेत राहिलेल्या हायड्रोजनची. हवा काढून नायट्रोजन भरला की ४.२६ ची खाच भरून येते, ४.५७ ची तशीच राहते.

तरंगवेडा:
कापलेले तुकडे उघड्या हाताने गोळा करू नका, त्यात आर्सेनिक आहे. झाकणाच्या डबीत टाका आणि डबीवर नाव लिहा.

निळीकाच:
डबी केली. उद्या झेडब्लॅन ८ मीटरवर आणते आणि आकडे इथेच टाकते.