एलजीएसएफचा मजला : जॉइस्टला ग्राइंडरने भोकं पाडली आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात धायरीला आमच्या जुन्या घरावर एक मजला चढवतोय. खालच्या भिंतींवर भार नको म्हणून लाइट गेज स्टील फ्रेमिंग (एलजीएसएफ), म्हणजे पातळ पत्र्याच्या सेक्शनचा सांगाडा, निवडलं. परवानगी झाली, सांगाडाही उभा राहिला.

काल संध्याकाळी आईला घेऊन वर गेलो आणि पोटात गोळाच आला. बाथरूमच्या पाइपसाठी प्लंबरने फ्लोअर जॉइस्टच्या (मजला पेलणाऱ्या आडव्या तुळयांच्या) उभ्या पत्र्यात ग्राइंडरने चौकोनी भोकं पाडलीत, तीही भिंतीच्या टेकूपासून जेमतेम वीतभर अंतरावर. दोन जॉइस्टची तर खालची कडही कापलीय. कापल्या जागी गंज रोखणारा झिंकचा थर गेलाय. ठेकेदार म्हणतो, "काही होत नाही साहेब, वर बोर्ड बसला की झालं." मला ते पटत नाही. टेकूजवळच तर पत्र्यावर कातरबल (शिअर) आणि दाब सगळ्यात जास्त येतो ना?

माझ्या वाचनानुसार आयएस ८०० हे भारतीय मानक हॉट रोल्ड (गरम लाटून केलेल्या) सेक्शनसाठी आहे, अशा पातळ पत्र्याला आयएस ८०१ (१९७५) लागतं. भूकंपासाठी आयएस १८९३, २०१६ च्या आवृत्तीत पुणे झोन ३ मध्ये.

विचारायचं हे, की असे जॉइस्ट बदलावेच लागतात की पट्टी मारून चालतं? आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी नेमकं काय घ्यावं? पुण्यात हे काम प्रत्यक्ष केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. सोमवारी बोर्ड बसणार होता, तो मी थांबवलाय.