प्रतिसाद : सेट बदलला, पण डोळा तोच

टीव्हीवरच्या सकाळच्या कार्यक्रमांचे सेट चकचकीत झाले तरी आपुलकी गेली, असं एका लेखात म्हटलं होतं; ते मला पटतं. पण खरा बदल मी प्रसारणाच्या सुरुवातीला दिसणाऱ्या बोधचिन्हाच्या चित्रफितीत पाहते.

दूरदर्शनचं ते फिरत फिरत जुळणारं बोधचिन्ह आमच्या बडोद्यापासून शंभरेक किलोमीटरवर, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत घडलं. देवाशिष भट्टाचार्य तेव्हा तिथे विद्यार्थी होते. संगणक नव्हताच! आकृती कॅमेऱ्याखाली फिरवून चित्रित केली. १९७६ साली ती पडद्यावर आली, पंडित रविशंकरांच्या सुरावटीसह. दोन वक्र रेषा एका गोलाभोवती येतात आणि डोळा उघडतो. इतकी साधी, पूर्ण कल्पना मला नंतर दिसली नाही.

१९८७ला सकाळचं प्रसारण सुरू झालं तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लाकडी शटरचा टीव्ही होता. आई कणिक मळता मळता कोपराने शटर सरकवायची. आठवतो तो सेट म्हणजे खुर्च्या, साधा पडदा, टेबलावर फुलदाणी. त्यामुळे लक्ष बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडेच राहायचं. आता मागे भलीमोठी पडदाभिंत सतत हलत असते, खाली पट्ट्या धावतात. माणूस शोधावा लागतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.