भिगवणला जाऊन 'रोहित उडवून दाखवा' म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचा

पाणकावळा
भटकंतीच्या एका ग्रुपवर भिगवणबद्दलची, म्हणजे उजनी धरणाच्या काठावरच्या पक्ष्यांच्या ठिकाणाबद्दलची, एक पोस्ट कालपासून फिरतेय. तक्रार थोडक्यात अशी: पुण्याहून शंभरेक किलोमीटर गाडी हाकत गेलो, होडीचे पैसे मोजले आणि नावाड्यानं फ्लेमिंगोंच्या, म्हणजे आपल्या रोहितांच्या, जवळ न्यायला चक्क नकार दिला. 'पक्षी नुसते माना खाली घालून उभे. एकदाही उडवले नाहीत. पैसे पाण्यात.' खाली लोकांचा जयजयकार. एकानं तर उजनीत स्पीडबोटी आणि तरंगतं हॉटेल सुरू करा म्हणून मागणी केलीय. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पक्षी 'नुसते उभे' नव्हते, जेवत होते. रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो, जिभेनं पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडेला असलेल्या गाळणीत बारीक किडे, शेवाळ अडकवतो. एवढ्या उंच पक्ष्याचं पोट असल्या चाऱ्यावर भरायचं म्हणजे दिवसाचे कित्येक तास त्यातच जातात. आणि उडणं त्याला सोपं नाही. पाण्यावरून धावत जाऊन, पंख मारत तो कसाबसा वर उठतो. सकाळपासून एकामागून एक होड्या येणार आणि प्रत्येकीतला माणूस म्हणणार, एकदाच उडव रे दादा. मग त्यानं खायचं कधी?

नीट बघणाऱ्याला थवा आधीच सांगतो. कडेच्या दोन-चार माना वर येतात. मग सगळे एकाच दिशेनं चालायला लागतात, चाल वाढते, कलकलाट सुरू होतो. पहिल्या माना वर आल्या की बांबू रोवायचा आणि होडी आहे तिथं थांबवायची. ज्या नावाड्याला हे कळतं त्याच्यासारखा गाइड पैसे देऊन मिळत नाही. अशा माणसाची त्या पोस्टमध्ये बदनामी चाललीय, आणि मला राग त्याचा आहे.

दोन_लेकरांचा_बाप
ती पोस्ट मी लिहिलेली नाही, पण शब्द न् शब्द पटला. पहाटे चारला पोरांना उठवून नेलं. लांबवर गुलाबी रेघ दिसली, झालं! माझ्याकडे दुर्बीण नाही, लाखाची लेन्स तर नाहीच. तुम्ही लोक घरबसल्या 600 एमएमनं डोळ्यातला बुबुळ टिपता आणि आम्हाला शिकवता की लांबून बघा. साध्या माणसानं पक्षी बघायचेच नाहीत का? माझ्या धाकटीनं विचारलं, बाबा, ते खरे आहेत का? काय सांगायचं तिला?

कुंभारगावकर
मी तिथलाच. वडील आधी फक्त जाळं टाकायचे, आता सीझनला होडीवर असतात, मीही असतो. दोन्हीकडच्यांना सांगतो.

थवा उठवा म्हणून मागं लागणारे लेकरंबाळं घेऊन येणारे कमी असतात. मोठ्या लेन्सवाले जास्त. त्यांना उडतानाचा काळा-लाल पंख पाहिजे असतो. 'वर पाचशे देतो, फक्त एकदा घुसव' असं आमच्या तोंडावर म्हणतात, आणि तोच फोटो टाकून खाली निसर्ग वाचवा लिहितात. आपण नाही म्हटलं की पुढच्या होडीत बसतात. पुढच्याच्या घरात पण चूल आहे. सीझन असतो थंडी ते उन्हाळा. बाकीचे महिने आम्हाला कोण विचारतं?

आणि पोरांच्या बापाला: रोहित लांब होता कारण त्या वेळी पाणी जास्त असणार. धरण भरलेलं असलं की कडेचा चिखल बुडालेला राहतो, रोहितला उभं राहायला जागा नसते. येतो उशिरा, आणि आला तरी लांब. आधी फोन करून विचारा की राव. नुसती रजा मिळाली म्हणून येता.

निफाडकर
या सगळ्यावर एकच उपाय. होड्या बंद करा. आमच्याकडे नांदूरमधमेश्वरला या. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा इंग्रजांच्या काळातला बंधारा, 1986 पासून अभयारण्य, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या मनोऱ्यावर चढा आणि बघा. जांभळी पाणकोंबडी, चमचे, शराटी, नशीब असेल तर क्रौंच. पाण्यात कोणी घुसत नाही, पक्षी निवांत. भिगवण अभयारण्यच नाही, म्हणून तिथं कोणीही काहीही करतो.

कुंभारगावकर
होड्या बंद करा म्हणायला तुमचं काय जातं? उजनीत आमच्या आजोबांची बागायती जमीन गेली. धरण 1980 ला झालं, पळसदेवचं जुनं देऊळसुद्धा पाण्यात गेलं, उन्हाळ्यात वर दिसतं तेव्हा म्हातारे अजून जाऊन हात जोडतात. जमीन गेली म्हणून मासेमारी धरली. आता मासेपण गेले. मरळ, वाम शोधावी लागते, जाळ्यात सगळी चिलापी. त्यात पक्ष्यांमुळं चार पैसे दिसायला लागले तर ते पण बंद करा?

पाणकावळा
निफाडकर, नांदूर मला प्रिय आहे, पण तिथला काठ झाडीचा आणि पाणवेलींचा, मनोऱ्यावरून बरंच दिसतं. उजनीचा पसारा अफाट आहे आणि चिखल दर आठवड्याला सरकतो. मनोरा बांधाल तिथून महिन्याभरात पाणी निघून गेलेलं असेल. इथं होडीच हवी, फक्त ती थांबली पाहिजे.

ओडिशातल्या चिल्का सरोवराच्या काठी मंगलाजोडी गाव आहे. तिथले लोक एके काळी पक्ष्यांची शिकार करायचे, आज तेच गाइड आहेत. होडी बांबूनं रेटतात, इंजिन नाही. पक्षी हाताच्या अंतरावर चरत असतात, कारण कित्येक वर्षांत कोणी त्यांना हुसकावलेलं नाही. जवळून बघायचं असेल तर उडवणं थांबवणं हाच रस्ता आहे. लेकरांच्या बापानं हे जरूर वाचावं.

भीमाकाठ_सोलापूर
तुमचं चालू द्या, पण कुणी पाण्याबद्दल बोलणार आहे का? ज्या पाण्यात तुम्ही होडीतून फिरता ते पुण्या-पिंपरीचं सांडपाणी आहे. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा सगळ्या भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, कडेला शेवाळाचा थर धरतो. आमच्या शहराला तेच पाणी प्यायला, तेही काही दिवसांआड. नळाला आलं की आधी वास बघायचा, मग हंडा लावायचा. माझ्या आईची आजन्म सवय झालीय. आणि इथं चर्चा कशाची, तर पक्षी उडाला की नाही.

कसबा_पेठ
आलं पुण्यावर घसरणं. विषय काय, बोलताय काय. शुद्धीकरण प्रकल्पांची कामं चालू आहेत. आणि खरं बोलायचं तर याच पाण्यातल्या पोषकद्रव्यांमुळे शेवाळ आणि किडे वाढतात, ते खायला पक्षी येतात. ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंबद्दलही हेच बोललं जातं. म्हणजे पक्ष्यांना तरी फायदाच.

भीमाकाठ_सोलापूर
फायदा? एक ग्लास भरून पिऊन दाखवा मग. कामं चालू आहेत हे ऐकत मी शाळेतून नोकरीला लागलो. तुम्ही घाण सोडता, रविवारी तीच बघायला गाडी काढता, वर काठावर बसून त्यातलीच चिलापी तळून खाता आणि म्हणता पर्यटन वाढलं पाहिजे. लाज वाटत नाही?

कसबा_पेठ
भाषा सांभाळा. पुण्यातला सामान्य माणूस रात्री पाईप घेऊन मुठेत सांडपाणी सोडायला जात नाही. मी कर भरतो, तोही वेळेवर. आणि उजनीच्या पाण्यावर ऊस कोण करतो, तेही सांगा एकदा. पाणी कमी पडतं ते पुण्यामुळे की उसामुळे?

भीमाकाठ_सोलापूर
ऊस आहे, नाही कोण म्हणतं. त्यावर माझं माझ्या मामांशी दर दिवाळीला भांडण होतं. पण उसानं पाण्याला वास येत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांच्या घरात गेलं, म्हणजे वापराचा साठा संपून तळाच्या मृतसाठ्यातलं पाणी आम्ही प्यायलो. तळाशी काय उरलं असेल याचा विचार करा. त्याच ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं, तेव्हा सगळे पाणीपूजनाचे फोटो टाकून मोकळे.

आणि पक्षीवाल्यांनो, तुमचे रोहित ज्या चिखलात उभे राहतात तो उघडा पडतो कारण पाणी खाली आमच्याकडं सुटतं. आमची तहान आणि तुमचा सीझन एकाच दरवाजातून जातो. निदान एवढं तरी लक्षात ठेवा.

कुंभारगावकर
सोलापूरवाले खरं बोलतायत. होडीतून उतरून पाण्यात पाय टाकला की उन्हाळ्यात अंगाला खाज सुटते. आम्ही रोज असतो त्यात. आमच्या बायका जाळी साफ करतात, त्यांच्या हातांचे फोटो कुणी काढत नाही.

चष्मेवाली
सगळ्यांचं झालं असेल तर एक मुद्दा. लाइफ जॅकेट. 21 मे 2024 ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले, त्याच उजनीत. मी त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले तर जॅकेटं होडीच्या तळाशी, ओली, बंद तुटलेले. मागितलं तर नावाडी म्हणाला, ताई, इथं कमरेइतकंच पाणी आहे. बापलोकांनो, पक्षी जवळ नेला नाही म्हणून भांडता, पोराला जॅकेट घातलं का म्हणून कोण भांडतं? आणि काठावर बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही. आम्ही आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितो. हे 'तरंगतं हॉटेल'वाल्यांना का सुचत नाही?

कुंभारगावकर
ताई, जॅकेटचं मान्य. आमच्या होडीत चांगली आहेत, पण सगळ्यांकडं नाहीत हे खरं. लोकही घालत नाहीत, फोटो चांगला येत नाही म्हणून काढून ठेवतात. तरी सांगायचं काम आमचं आहे. स्वच्छतागृहाचं ग्रामपंचायतीला विचारा, आम्हीही विचारून थकलो.

दोन_लेकरांचा_बाप
मंगलाजोडीचं वाचलं. इथल्या नावाड्यानं हे दोन वाक्यांत समजावून सांगितलं असतं तर मी चिडलो नसतो. तो नुसता 'नाही जमत' म्हणाला. थांबायचं तर थांबू, पण मग पोरांना दाखवायला होडीत एक दुर्बीण ठेवा. त्याचे वेगळे पैसे द्यायला तयार आहे. लेन्सवाल्यांबद्दलचं माझं मत मात्र तेच राहणार.

पाणकावळा
दुर्बिणीचं बरोबर आहे. आणि लेन्सवाल्यांबद्दल तुमच्याशी भांडणार नाही, कुंभारगावकरांनी सांगितलंय ते मीही डोळ्यांनी पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच की उडत्या थव्याचा फोटो स्पर्धेत किंवा ग्रुपवर आला की पहिला प्रश्न विचारायचा, होडी किती जवळ होती? त्या फोटोंना वाहवा मिळणं बंद झालं की वरचे पाचशे आपोआप बंद होतील.

निफाडकर
होणार नाहीत. नियम आणि पहारा असल्याशिवाय आपल्याकडे काही होत नाही. अभयारण्य जाहीर करा, मग बोलू.

कुंभारगावकर
अभयारण्य झालं तर आमची जाळी पहिली बाहेर काढतील, लेन्सवाले पास काढून आत येतील. आमच्याशी बोलल्याशिवाय कागद करू नका, एवढं लिहून ठेवा. दुर्बीण एक जुनी आहे घरात, काच साफ करून आणतो. बाप लोकांनी जानेवारीनंतर, पाणी उतरल्यावर फोन करा. इंजिन बंद ठेवून नेईन. उडवणार नाही.

भीमाकाठ_सोलापूर
पाणी उतरल्यावर आमच्याकडंही एक चक्कर मारा. नळ कधी येतो ते आधी विचारून या.