केजच्या शाळेसाठी ॲप: पैसे पाठवण्याआधी

मंडळी, नमस्कार.

सध्या अंबाजोगाईला घरी आलोय. दिवाळीच्या वर्गणीतून केज तालुक्यातल्या एका शाळेला मानसिक आरोग्याचं ॲप द्यायचं आपलं ठरत आलंय. मुलांच्या फोनमध्ये ते टाकलं की झोप, फिरणं, फोनचा वापर यावरून कोण खचलंय ते शाळेला कळेल. मुख्याध्यापक तयार आहेत. कुणाची हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

—

दादा, माझी हरकत आहे. माझं माहेर धारूरचं आणि नोकरी न्यू जर्सीतल्या एका शाळेत समुपदेशकाची, त्यामुळे मेल लांबणार.

फोनवरून मन ओळखायचा प्रयोग अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात 2013 साली झाला होता. 48 विद्यार्थी, 10 आठवडे. झोप, हालचाल, आसपासचं बोलणं फोन आपोआप टिपायचा, आणि ताण-नैराश्याशी त्याचा काही मेळही दिसला. पण ती कॉलेजची मुलं होती, स्वतःहून तयार झालेली, आणि फोन ज्याचा त्याच्याजवळ असायचा. केजच्या वस्तीवर फोन घरात एकच, तोही बापाच्या खिशात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघाली की फोन साखर कारखान्यावर जातो आणि लेकरू आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतं. म्हणजे ॲप मोजणार बापाची झोप. तो पहाटे फडात उतरतो, रात्री गाडी भरतो. त्यावरून ॲप शाळेला कळवणार की मुलगी झोपत नाही.

आमच्याकडे ॲप शिक्षकांच्या हातात असतं. सकाळी मूल ठरलेल्या शिक्षकाला भेटतं, दिवसभरात काय जमवायचं त्या दोन-तीन गोष्टी ठरतात, दर तासाला 0, 1 किंवा 2 गुण, शाळा सुटताना पुन्हा भेट. पूर्वी हे सगळं कागदावर चालायचं. ॲपमुळे आठवड्यांचा आलेख एका नजरेत दिसतो. सातवीतल्या एका मुलाचे गुण रोज बरे असायचे, फक्त सोमवारी पहिल्या दोन तासांना शून्य. ‘आळशी आहे’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. आलेख बघून मी त्याला जवळ बसवलं. शनिवार-रविवार तो वडिलांकडे, रविवारी रात्री उशिरा परत, सकाळी पोटात काही नाही. सोमवारी शाळेत नाश्ता सुरू केला, आईशी बोलले, तिसऱ्या आठवड्यात ते शून्य गेलं. हे आलेखानं दाखवलं खरं, पण त्याच्याजवळ बसायला कुणीतरी लागलंच ना?

कायद्याचंही बघा. भारताच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. शाळांना शिक्षण आणि सुरक्षिततेपुरती सूट आहे, पण लेकराच्या घरच्या झोपेवर नजर ठेवणं त्यात बसतं असं मला वाटत नाही. आणि आई-बाप फडात असताना संमती घ्यायची कुणाची, टोळीच्या मुकादमाची? 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय. आपले पैसे तिथे लागू देत.

—

ताई, मेल वाचून आज शाळेतच जाऊन आलो.

पाचवीच्या बाईंनी गेल्या हंगामातल्या हजेरीच्या मागची पानं दाखवली. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: ‘डबा नाही’, ‘मधल्या सुट्टीत एकटी’, ‘आईचा फोन 9 दिवस नाही’. शेवटच्या ओळीला गोल केलेला. मी विचारलं, पुढं काय केलं? म्हणाल्या, मुकादमाचा नंबर मिळवला, आईशी बोलणं करून दिलं, पोरगी त्या दिवशी जेवली. पण अशी सतरा लेकरं आहेत सर, मी एकटी कुणाकुणाचं बघू?

तेव्हा मुलांच्या फोनमधलं ॲप रद्द. अंबाजोगाईहून आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक येईल, त्याचं वर्षाचं मानधन आणि एसटीचं भाडं आपण देऊ. बाईंना एक टॅब देऊ. कुणाचं जास्त वाटलं तर इथल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात न्यायचं, रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो नंबर वसतिगृहाच्या भिंतीवर रंगवून घेतोय.

टॅबवर रकाने कोणते ठेवायचे ते तुम्ही बाईंशी बोलून ठरवा. त्या संध्याकाळी सातनंतर मोकळ्या असतात, म्हणजे तुमची सकाळ. टोळ्या पुढच्या आठवड्यात निघतायत, त्याआधी पालकांना शाळेत बोलवून सगळं समजावून सांगायचंय.