पऱ्हाटीत (कपाशीत) डोमकळ्या दिसून राहिल्या, फवारू का?

कास्तकार, वणी: कोरडवाहू बीटी पऱ्हाटी, नुकतीच फुलावर आली. आज वावरात काही फुलं मुरडून बंद दिसली, उकलली तर आत बारीक पांढुरकी अळी. कृषी केंद्रवाला म्हणतो दोन औषधं मिसळून मारा. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार गेले, तेव्हापासून घरचे पंपाला हात लावू देत नाहीत.

मारेगावची ताई: भाऊ, ही बोंडअळीच. मिसळायचं तर नावच काढू नका. डोमकळ्या तोडून पिशवीत भरा अन् जाळा. लोक त्या धुऱ्यावर (बांधावर) फेकतात, मग तोडल्या कशाला? एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, पिकापेक्षा फूटभर उंच. सापळ्यामागे सलग 3 रात्री दर रात्री 8 पतंग आले किंवा शंभरात 10 फुलं डोमकळी निघाली, तरच औषधाचं पाहू. तोवर 5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो भरडा रात्रभर भिजवून गाळायचा, 200 ग्रॅम साबण, एकूण पाणी 100 लिटर. संध्याकाळी मारा. विकतच्या निमतेलापेक्षा मला हाच पटतो, फुकटचा आहे म्हणूनही असेल!

राळेगावकर: पुढं बोंडं धरली की 20 हिरवी बोंडं फोडून पाहा, वरून काही कळत नाही. 2 किडकी म्हणजे नुकसानीची पातळी ओलांडली. अन् फरदड (वेचणी झाल्यावर तीच पऱ्हाटी पुढं चालू ठेवणं) ठेवू नका, डिसेंबरात वावर मोकळं करा.

कास्तकार, वणी: ताई, फरदडीचं बाबांना कोण सांगणार? सापळे उद्याच आणतो. ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) किती दिवसांनी बदलायची?

मारेगावची ताई: पाकिटावर लिहिलेलं असते, बहुतेक तीन-चार आठवड्यांनी.