कमानी आणि बसलेला आवाज

चौथ्या आठवड्यात मानवी गर्भाला माशासारखे कल्ले येतात आणि मग जिरतात, असं काही जण सांगतात. कल्ले नसतातच. घशाच्या दोन्ही बाजूंना कमानी, म्हणजे कमानीसारखे उंचवटे, उमटतात. माशांत मागच्या कमानींचे कल्ले होतात. आपल्यात पहिलीपासून जबडा आणि कानातली हातोडी-ऐरण ही चिमुकली हाडं, दुसरीपासून कानातलंच रिकीब नावाचं हाड.

सहाव्या कमानीचा उल्लेख मात्र सहसा होत नाही. तिची नस (मज्जातंतू) स्वरयंत्राला जाते आणि स्वरपट्ट्या हलवते. गर्भात हृदय आधी गळ्यापाशी असतं. ते छातीत उतरताना डावी नस त्या कमानीच्या रक्तवाहिनीखाली अडकून सोबत ओढली जाते. म्हणून मोठेपणीही ती छातीत उतरते आणि महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) वळसा घालून परत गळ्यात चढते. निपाणीचे आमचे मामा, सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. आवाज बसला तो सुटेचना. बेळगावात डॉक्टरांनी घसा पाहिला, डावी स्वरपट्टी हलत नाही म्हणाले आणि छातीचा एक्स-रे काढायला लावला. घशाच्या दुखण्याला छाती कशाला, म्हणून मामी चिडल्या. फुफ्फुसातली गाठ नेमकी त्या वळशापाशी नसेवर दाबत होती. आपल्याकडं तंबाखू घरोघरी आहे, त्यामुळं तीन आठवडे आवाज बसलेला राहिला तर नुसत्या काढ्यावर थांबू नका.